विश्लेषण : मिशनचा पगार सोडला, मंडळी सोडली नाही! रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये राजीनामा का दिला?

बीडहून अहिल्यानगरला आता रेल्वेने जाता येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रवास दोन राजवटींमधला होता. आष्टी, पाटोदा, बीड हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि शेजारचे अहमदनगर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. सरहद्द राज्यांची होती, भाषेची नव्हती. अलीकडे आणि पलीकडे तोच सप्ताह, तेच कीर्तन, तोच टाळ-मृदंग.

त्या काळच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशन नावाची एक मोठी संस्था होती. शाळा, वसतिगृहे, दवाखाने, छापील नियतकालिक, पाळक घडवणारे विद्यालय असा तिचा पसारा. या संस्थेत एक मराठी कवी वीसहून अधिक वर्षे नोकरीत होता. त्याने तिथले गाणे बदलले, भाषा बदलली, आणि पंचावन्नाव्या वर्षी एक दिवस पगारावर पाणी सोडले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्याचे नाव.

शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना फुला-मुलांचे कवी म्हणून भेटलेलो असतो. ते ज्या संस्थेत काम करत होते तिथल्या ओढाताणीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. ही ओढाताण आजच्या कुठल्याही ऑफिसात चालेल इतकी ओळखीची आहे.

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत ना?

नव्हेत. आडनाव एक, जात एक, मूळ जिल्हाही एकच, रत्नागिरी. पण माणसे वेगळी. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. लहानपणीच आई गेली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले. औपचारिक शिक्षण थोडकेच. वाचन अफाट, पाय मात्र एका जागी टिकेना. आज मास्तरकी, उद्या कीर्तन-व्याख्यान, परवा कुठे संपादन. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. तिथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या पाद्र्याची गाठ पडली. गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केल्याचे सांगतात. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. मुंबईच्या डॉ. जस्टिन अॅबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. हेच अॅबट पुढे मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी अनुवाद करणारे म्हणून नावाजले गेले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पाणी एतद्देशीय पाळकाच्या हातूनच घ्यायचे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो पाळला गेला. पुढच्या बावीस वर्षांत जे काही होणार होते त्याची खूण या पहिल्याच दिवशी दिसते.

मिशन आणि मंडळी यांत फरक काय?

पुढचे सगळे प्रकरण समजायला हा मुद्दा कळायला हवा, म्हणून इथे जरा थांबू.

अमेरिकन मराठी मिशन ही बोस्टन येथील अमेरिकन बोर्डाची शाखा. या बोर्डाची माणसे १८१३ मध्ये मुंबईत आली आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे मांडले. मिशन म्हणजे परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांची सभा. पैसा तिकडून यायचा, इमारती आणि जमिनी मिशनच्या ताब्यात, शिक्षक-प्रचारक यांच्या नेमणुका, बदल्या आणि पगार मिशन ठरवायचे.

मंडळी म्हणजे इथले ख्रिस्ती लोक आणि त्यांचे पाळक. कागदावर मंडळी स्वतंत्र होती. या पंथाच्या रीतीप्रमाणे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण करायचा. पण ज्या मंडळीतले बहुतेक कमावते लोक मिशनच्याच शाळेत, दवाखान्यात, छापखान्यात कामाला आहेत, तिने कारभार कसा करायचा? मंडळीच्या सभेत समोर बसलेला गोरा साहेब हा धर्मबंधू आणि सोमवारी सकाळी तोच वरिष्ठ.

आयटीतल्या कुणाही मित्राला विचारा, त्याला हे चटकन कळेल. मुख्यालय परदेशात, निर्णय तिकडे, काम इकडे. एकाच कामासाठी दोन पगारपत्रके. तिकडून आलेला माणूस वयाने लहान असला तरी बैठकीत त्याच्या शब्दाला वजन जास्त. त्याचा स्वभाव चांगला आहे की वाईट, हा इथे प्रश्नच नसतो. चांगल्या स्वभावाचा साहेबही रचनेमुळे साहेबच राहतो.

अहमदनगरला टिळकांना चांगलाच साहेब मिळाला होता. डॉ. रॉबर्ट अॅलन ह्यूम हे मुंबईतच जन्मलेले, मराठी बोलणारे, उदार मताचे मिशनरी. पाळक घडवणाऱ्या विद्यालयात टिळक त्यांच्या हाताखाली शिकवू लागले. दोघांमध्ये खरा जिव्हाळा होता. त्यामुळे पुढची गोष्ट चांगला मराठी माणूस आणि दुष्ट गोरा अशी सरळ नाही.

घरात काय चालले होते?

बाहेरच्या जगात बदल करू पाहणाऱ्या माणसाच्या घरात काय झाले, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. टिळकांच्या बाबतीत ते लिहिले गेले, कारण बायको लक्ष्मीबाई होती.

नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी लक्ष्मीबाईंना नंतर कळली. ज्या घरात त्या वाढल्या तिथे सोवळ्याचा इतका कहर की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घेतली जात नसे. अशा बाईवर हा आघात. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आसऱ्याला राहिल्या. नाशिक, पंढरपूर, पुन्हा नाशिक. जवळजवळ पाच वर्षे नवरा-बायको वेगळी होती. पत्रे जात-येत होती, भांडणेही पत्रातूनच. शेवटी त्या नगरला आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. तापट आणि घाईच्या या माणसाने आयुष्यात धीर दाखवल्याच्या जागा फार थोड्या, त्यातली ही सर्वांत मोठी.

सोवळे सोडायचे लक्ष्मीबाईंनी स्वतःच ठरवले. माणसामाणसांत जात देवाने केलेली नाही, हे त्यांना आपल्या विचाराने पटले आणि मग त्या थांबल्या नाहीत. १९०० मध्ये त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ. नगर-राहुरीकडे मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांची गर्दी होती आणि कालपर्यंत दुसऱ्याच्या हातचे पाणी न पिणारी ही बाई त्यांच्यात मिसळून गेली.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टिळकांच्या उदारपणाची किंमत लक्ष्मीबाई चुकवत होत्या. हातात पैसा आला की तो कुणाला तरी देऊन टाकायचा, घरात कुणालाही आणून ठेवायचे, कामाच्या तंद्रीत संसार विसरायचा, हे त्यांचे नेहमीचे. कवी म्हणून कौतुक जगाने केले, पिठाच्या डब्याची काळजी लक्ष्मीबाईंनी.

मिशनमध्ये राहून त्यांनी काय बदलले?

खुर्ची मागितली नाही. हाताशी ज्या तीन जागा होत्या त्या वापरल्या. गाणे, वर्ग आणि वर्तमानपत्र.

आधी गाणे. मराठी चर्चमध्ये गाणी होती, पण त्यांतली पुष्कळशी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे. चाल इंग्रजी, शब्द मराठी, आणि दोघांचे आपसात पटत नाही. घरात जात्यावरच्या ओव्या आणि देवळात अभंग ऐकत वाढलेल्या माणसाने रविवारी परक्या सुरात देवाला हाक मारायची. टिळकांच्या आधी याला कुणी हात घातलाच नव्हता असे नाही. अहमदनगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा त्यांच्या कितीतरी आधी सुरू केली होती. टिळकांचे काम या पायावर उभे राहिले, हे विसरता कामा नये.

पण टिळकांनी जे केले त्याचा आवाका मोठा होता. अभंग, ओवी, पदे, आरती, असे मराठी भक्तीचे सगळे घाट त्यांनी ख्रिस्ताच्या उपासनेसाठी वापरले. येशूला त्यांनी आई म्हटले, माउली म्हटले, गुरू म्हटले. ज्ञानोबा-तुकोबांना जवळचे असलेले हे शब्द चर्चमध्ये गेले तेव्हा कुणाच्या कानाला खटकले असतीलही. गाणाऱ्यांच्या तोंडी मात्र ते लगेच बसले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते उघडपणे सांगत. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गायनसंग्रहात टिळकांची अडीचशेच्या आसपास गीते आहेत. एका माणसाचा एवढा वाटा कुठल्याही भाषेच्या उपासनेच्या पुस्तकात क्वचितच असेल.

यात हुशारी कुठे होती पाहा. उपासनेची पद्धत बदला असा ठराव त्यांनी आणला असता तर समिती नेमली गेली असती, समितीने उपसमिती नेमली असती आणि बोस्टनला पत्र गेले असते. गाण्याला मंजुरी लागत नाही. ते आवडले की रविवारी लोक म्हणतात, दुसऱ्या रविवारी पाठ होते आणि वर्षभरात जुने वाटू लागते.

दुसरी जागा वर्गाची. १९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. त्याआधीपासूनच ते पुढच्या पिढीच्या पाळकांना शिकवत होते. विद्यार्थी बहुतेक महार आणि मांग समाजांतून आलेले, कारण नगर भागातल्या मंडळ्या प्रामुख्याने त्याच समाजांच्या. चित्पावन ब्राह्मण घरातला कवी त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांच्या घरी राहतो, त्यांना चांगले मराठी लिहायला शिकवतो, ही गोष्ट त्या काळच्या नगरमध्ये साधी नव्हती.

तिसरी जागा 'ज्ञानोदय'. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले हे मिशनचे नियतकालिक मराठीतल्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एक. १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले. मालकी मिशनची, मराठी लेखणी टिळकांची. ख्रिस्ती माणसाने देशावर प्रेम करावे की नाही, पोशाख-जेवण-नावे साहेबी का असावीत, इथल्या संतांकडे कसे पाहावे, अशा प्रश्नांना त्यांनी तिथे जागा दिली. आपल्या मालकाच्या पैशाने चालणाऱ्या कागदात मालकाला न आवडणारे लिहायचे आणि तरी नोकरी टिकवायची, ही कसरत आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

याच काळात त्यांच्या घरात एक पोर राहायला आले. त्र्यंबक बापूजी ठोमरे. हेच बालकवी. ते हिंदूच राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. बाप्तिस्म्याची अट न घालता माणूस घरचा होऊ शकतो, हे टिळकांच्या घरात आधी घडले. त्याला नाव आणि रूप पुढे १९१७ मध्ये मिळाले.

मग बिनसले कुठे?

एका घटनेवर बोट ठेवता येत नाही. टिळकांचा स्वभाव तापट, मानी, लगेच दुखावणारा. सभेतल्या गोष्टी ते घरी आणत. दप्तरी शिस्त, हिशेब, अहवाल यांत त्यांचा जीव रमत नसे. अशा माणसाला हाताखाली ठेवणे कुठल्याही साहेबाला सोपे नव्हते, हे मान्य करावे लागेल.

पण स्वभावाच्या पलीकडचे कारण रचनेतच होते. टिळकांना वाटत होते की पगारी प्रचारकाचे बोलणे लोक पगारी माणसाचे बोलणे म्हणूनच ऐकतात. बुवा कीर्तनाला उभा राहतो तेव्हा श्रोत्याला त्याच्या मागे परदेशी खजिना दिसत नाही. ख्रिस्ती प्रचारक उभा राहिला की तो दिसतो. माणूस कितीही सच्चा असो, साहेबाचा पगार खाऊन साहेबाचा धर्म सांगतो, हा शेरा त्याला चिकटणारच. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हे उदाहरणाने सांगायची गरज नाही. गावच्या सप्ताहात कीर्तनकाराच्या बिदागीची चर्चा आधी होते आणि निरूपणाची नंतर.

दुसरे कारण बरोबरीच्या नात्याचे. मिशनरी इथल्या लोकांवर माया करत होते, यात टिळकांना शंका नव्हती. माया वरून खाली येणारी होती, हे त्यांना सलत होते. असे वाटणारे ते एकटे नव्हते. १९१० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरो येथे जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. तिथे व्ही. एस. अझरय्या या भारतीय पाळकाने सगळ्यांसमोर सांगितले की तुमच्या त्यागाबद्दल आम्ही ऋणी आहोत, पण आम्हाला मित्र हवे आहेत. परिषदेत खळबळ उडाली. दोनच वर्षांनी हे अझरय्या दोरनाकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. दोरनाकल तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे बीडच्याच राजवटीत.

बाहेर देशातही तोच सूर होता. १९१६ मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीग काढली. ऑगस्ट १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा करावी लागली. कचेरीत, कौन्सिलात स्वराज्य मागायचे आणि देवाच्या घरात मागायचे नाही, हे टिळकांसारख्या देशभक्त कवीला कसे पटावे?

१९१७ मध्ये नेमके काय केले?

त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि ठरलेला पगार बंद केला. वय पंचावन्न. आजच्या हिशेबाने निवृत्तीला थोडीच वर्षे राहिलेली असताना. साठवलेला पैसा नाही, कारण साठवायची सवयच नव्हती. रेव्हरंड या पदवीचीही त्यांना आता गरज वाटेनाशी झाली. देव देईल त्यावर जगायचे, असे ठरवून संन्याशाच्या वृत्तीने ते निघाले आणि साताऱ्याला जाऊन राहिले.

राजीनामा शब्द ऐकला की आपल्याला दार आपटल्याचा आवाज ऐकू येतो. इथे तसे झाले नाही. ख्रिस्त सोडला नाही, मंडळी सोडली नाही, ह्यूम यांच्याशी मैत्री तोडली नाही. ज्या मिशनचा पगार नाकारला त्याच्याच 'ज्ञानोदय'चे मराठी संपादन ते अखेरपर्यंत पाहत राहिले. मिशननेही त्यांच्यावर बहिष्कार घातला नाही. सोडून जाणारा आणि ज्याला सोडले तो, दोघेही इतके शहाणपणाने वागल्याची उदाहरणे आपल्याकडे धर्मसंस्थांत कमी आणि राजकीय पक्षांत त्याहून कमी.

संन्यासी झाला नवरा, पण चूल बायकोची होती. ठरलेली तारीख आणि ठरलेली रक्कम यांवर चालणारे घर एकाएकी भरवशावर चालू लागले. लक्ष्मीबाईंनी तेही निभावले.

देवाचा दरबार म्हणजे काय होते?

साताऱ्यात टिळकांनी जी कल्पना मांडली तिचे नाव देवाचा दरबार. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सगळ्यांची एक मंडळी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. मिशनचा अंमल नाही, परदेशी पैसा नाही, पंथाचे कुंपण नाही. आश्रमासारखे राहणे, भजन, सेवा.

आज वाचताना हे सोपे वाटते. तेव्हा बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ताचा शिष्य ही कल्पना मिशनऱ्यांच्या पचनी पडणारी नव्हती. आणि विरोध फक्त गोऱ्यांचा असेल असे मानायचे कारण नाही. जरा मंडळीतल्या साध्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. महारवाड्यातून निघून ज्याने बाप्तिस्मा घेतला, गावाचा रोष पत्करला, त्याच्यासाठी तो विधी म्हणजे नव्या माणूसपणाचा दाखला होता. मिशनची शाळा, वसतिगृह, नोकरी यांमुळे त्याच्या मुलांचे आयुष्य बदलले होते. त्याला ब्राह्मण कवी सांगतो की बाप्तिस्म्यावाचूनही चालेल, परदेशी पैसा नको, संतांची वाट आपलीच आहे. ज्या समाजाने त्याला देवळाबाहेर ठेवले त्याचीच भाषा आता चर्चमध्ये येते आहे, असे त्याला वाटले तर त्याला चूक कसे म्हणणार? ज्याला पगार सोडणे परवडते आणि ज्याला परवडत नाही, यांतला फरक टिळकांच्या योजनेत नीट धरलेला दिसत नाही, असे मला वाटते. त्यांच्या बाजूने एवढेच सांगता येईल की परवडत तर त्यांनाही नव्हते.

दुसरी अडचण व्यवहाराची. टिळक माणसे गोळा करू शकत, संस्था उभारणे त्यांचे काम नव्हे. दरबाराला घटना नाही, निधी नाही, दुसऱ्या फळीतला माणूस नाही. सगळे एका माणसाच्या ओढीवर चाललेले.

आणि वेळही मिळाला नाही. प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. जिथून ते पगार सोडून निघाले होते, त्याच गावी.

त्यानंतर काय झाले?

दरबार टिकला नाही. मुख्य माणूस गेला आणि थोड्याच काळात माणसे पांगली. पण जॅक विन्स्लो नावाचा एक इंग्रज पाद्री टिळकांच्या या प्रयोगाने झपाटला होता. त्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय एकत्र, सारख्या साध्या राहणीने राहतील असा आश्रम. पुढच्याच वर्षी त्याने टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. याच संघात १९२७ मध्ये पुण्याला एक तरुण इंग्रज येऊन दाखल झाला. व्हेरिअर एल्विन. मध्य भारत आणि ईशान्येतील आदिवासींवर पुढे आयुष्यभर लिहिणारे ते हेच एल्विन.

कारभार मंडळीच्या हाती यायला मात्र फार वेळ लागला. १९२४ मध्ये उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन आणि कॉंग्रिगेशनल मंडळ्यांची मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्या प्रवाहात गेल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. टिळकांच्या राजीनाम्यापासून मोजले तर त्रेपन्न वर्षे. पंथांच्या कुंपणांबद्दल १९१७ मध्ये केलेली तक्रार तोवर पुष्कळांना पटली होती. परदेशी साहेब गेल्यावर खुर्च्यांचे राजकारण संपले का, हा वेगळ्या बातमीचा विषय आहे.

एक काम टिळकांनी अर्धवट सोडले होते. ख्रिस्ताचे चरित्र मराठी महाकाव्यात सांगायचे, त्याचे नाव 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. ज्यांनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी पुढे लिहायला घेतले. नवऱ्याने लिहिले त्याच्या कितीतरी पट, साठाहून अधिक अध्याय त्यांनी रचले. त्याच सुमारास 'स्मृतिचित्रे'ही लिहीत होत्या. नवऱ्याच्या रागाचे, विसराळूपणाचे, उधळेपणाचे आणि मोठेपणाचे इतके मोकळे वर्णन मराठीत दुसऱ्या कुठल्या बायकोने केले नसेल. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या तेव्हा 'ख्रिस्तायन' अजून थोडे उरले होते. शेवटचा भाग मुलाने, देवदत्तने पुरा केला. पाच वर्षे आई-बापांच्या ताटातुटीत वाढलेला दत्तू तो हाच.